बिवलकरकाका आणि तिसरा प्लग

चालत्या ट्रामीतून उतरणारी माणसं कलकत्त्यात ढिगांनी आहेत. कुणाला कचेरीला उशीर झालेला असतो, कुणाला समोरच्या बाकावर नको असलेला मेहुणा दिसतो. बिवलकरकाका मात्र एकाच कारणासाठी उतरत. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली मोटार दिसली की त्यांच्या अंगात यायचं. मग ट्राम कितीही वेगात असो, एका हातात धोतराचा सोगा आणि दुसऱ्या हातात कॅनव्हासची पिशवी धरून काका हवेत झेप घेत. एकदा चौरंगीवर ते असे उतरले तेव्हा मैदानात चरणाऱ्या दोन गाई बिथरून थेट फोर्ट विल्यमच्या रोखानं धावल्या आणि तिथल्या पहारेकऱ्यानं म्हणे बंदूक सावरली. बंदुकीचं मी ऐकलेलं सांगतो. पण गाई मात्र मी स्वतः पाहिल्या. निदान एक तरी.

मोटारीपाशी पोचले की काका मालकाला एकच प्रश्न विचारत. "प्लग अडकलाय का?"

मालक म्हणाला, "नाही हो, पेट्रोल संपलंय," की काकांचा चेहरा पंगतीत जिलबी संपल्यासारखा होई. "मग काय मजा!" असं म्हणून ते पुढच्या ट्रामीची वाट बघत उभे राहत. पण मालकानं "होय" म्हटलं, की संपलं. काका कोट काढून मालकाच्याच खांद्यावर टाकत आणि बाह्या वर सारत.

ज्यांनी मोटारीचं पोट उघडं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्लग म्हणजे इंजिनाच्या डोक्यात ठिणगी पाडणारा बोटभर तुकडा. खाली आटे असलेलं लोखंड, वर चिनीमातीची मान. वर्षानुवर्षं कुणी तो काढला नाही की उष्णतेनं, गंजानं आणि काजळीनं असा धरून बसतो की पैलवान आणला तरी हलत नाही. आणि पैलवान आणलाच, तर प्लगची मान मोडते, बुडखा आत राहतो आणि मग सगळं इंजिन उतरवण्याची पाळी येते. हे सगळं ज्ञान मला काकांकडून मिळालं. काकांकडे स्वतःची मोटार नव्हती. त्यांना मोटार चालवताही येत नव्हती. सायकलवर बसवलं तरी ते डोळे मिटून घेत.

काका जन्मले ते कलकत्त्यातच. खिदिरपूरला एका जहाज कंपनीच्या कचेरीत पस्तीस वर्षं हेडक्लार्की करून ते निवृत्त झाले होते. लढाईच्या दिवसांत कचेरीच्या लॉरीचा प्लग अडकला, तीन मिस्त्री हात टेकून गेले आणि काकांनी जेवणाच्या सुट्टीत तो गप्पा मारता मारता सोडवला. त्या दिवशी त्यांना जो साक्षात्कार झाला तो काही उतरला नाही. बंगाली शेजारी त्यांना 'बिबोलकोरबाबू' म्हणत आणि गल्लीतल्या डॉक्टरांइतकाच मान देत. डॉक्टरांनी हात लावलेले काही लोक दगावले होते, काकांनी हात लावलेला एकही प्लग मोडला नव्हता, त्यामुळे मान किंचित जास्तच.

त्यांच्या पिशवीत चार वस्तू असत. एक प्लगपाना. एक सायकलचा पंप. प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून काढायची, नाहीतर प्लग निघाल्यावर ती आत पडते. एक माक्याच्या तेलाची जुनी बाटली. तिच्यात रॉकेल आणि पातळ तेल यांचं मिश्रण असे आणि त्याचं प्रमाण ते कुणालाही सांगत नसत. आणि एक तपकिरीची डबी. डबीत पेन्सिलीच्या शिशाची पूड असे. प्लग परत बसवताना आट्यांना ही पूड तेलातून लावली की पुन्हा तो अडकत नाही. एका सरदारजी टॅक्सीवाल्यानं ती तपकीर समजून चिमूटभर ओढली आणि तीन दिवस काळा शिंकत होता. त्याची दाढी पिकायला लागली होती ती पुन्हा काळी झाली असं काका सांगत. मी त्यात भर घालत नाही.

काकांचे काही मंत्र होते. पहिला, "जबरदस्ती नाही!" दुसरा, "मान धरायची नाही, कंबर धरायची." आणि तिसरा, सगळ्यांत लाडका: "आधी आवळायचा, मग सोडायचा." म्हणजे अडकलेला प्लग सोडवताना पाना आधी केसभर उलट्या बाजूला, आवळण्याकडे न्यायचा. त्याला वाटतं आपलंच खरं झालं, तो गाफील राहतो, मग हळूच सोडायचा. पुन्हा तेल, पुन्हा केसभर. या मंत्रावर काकांनी लोणच्याच्या बरण्यांची झाकणं उघडली होती आणि दोन मोडत आलेली लग्नं जुळवली होती. आमच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात नाटकाचा पडदा अर्ध्यावर अडकला तेव्हा चारजण दोरी ओढायला धावले. काका तेलाची बाटली घेऊन रंगमंचावर चढले आणि गरजले, "खबरदार! जबरदस्ती नाही!" दोरीत तेल मुरेपर्यंत दुसरा अंक अर्ध्या पडद्यामागे झाला. प्रेक्षकांना फक्त पाय दिसत होते. पण पायांनी चांगलं काम केलं.

त्यांचा वेग मात्र अचाट होता. सरदारजीचा प्लग एका चहात सुटला. कालीघाटला एका लग्नाच्या मोटारीचा प्लग त्यांनी मुहूर्ताच्या आत सोडवला आणि नवरदेवाआधी पंगतीला बसले. एकदा तर अंत्ययात्रेची मोटार त्यांच्या हाती लागली. आतल्या माणसाला घाई नव्हती, तरी काकांनी वीस मिनिटांत मोकळी केली.

हे सगळं मी आधी सांगून ठेवतो, कारण माझ्या मोटारीच्या बाबतीत काकांना दहा दिवस लागले.

इंग्रज जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या कचेरीतला शेवटचा गोरा साहेब विलायतेला निघाला, तेव्हा त्याच्याकडे तीन गोष्टी उरल्या होत्या: एक कुत्रा, एक पियानो आणि एक मोटार. तिन्ही म्हाताऱ्या, आणि तिघांचा आवाज सारखाच. यांतलं काहीतरी घेच, असा त्यानं आग्रह धरला. कुत्र्याला मराठी येत नव्हतं, पियानो भवानीपूरच्या आमच्या दारातून आत जात नव्हता, म्हणून मी मोटार घेतली.

बायको तेव्हा बाळंतपणासाठी नागपूरला माहेरी होती. मुलगी तीन महिन्यांची झाली होती आणि आता दोघींना घेऊन सासरेबुवा स्वतः येणार होते. सासरे हेडमास्तर. माझं कोणतंही वाक्य ते निम्मं वजा करून ऐकत, आणि बहुतेक वेळा त्यांचा हिशेब बरोबर निघे. मी पत्र लिहिलं: 'रविवारी सकाळी हावडा स्टेशनवर आपली स्वतःची मोटार न्यायला येईल.' आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना शंभर टक्के खरं लिहिलं होतं. आणि पत्र टपालात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी मोटार बसली.

बसली म्हणजे, चार सिलिंडरांपैकी तीन कामावर आणि एक रजेवर. सुरू केली की गल्लीतल्या भांड्यांच्या मांडण्या हलत, आणि कोपऱ्यापर्यंत गेली की दम टाके. मी एक मिस्त्री बोलावला. त्यानं तीन प्लग काढून पुसून दिले. तिसऱ्या नंबरचा काही हलेना. मिस्त्रीनं पान्याला पुरुषभर लांबीचा पाइप लावला, पाय इंजिनावर रोवला, आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी किंचाळलं.

"आस्ते, मोशाय, आस्ते! खून करताय त्याचा!"

काका आले होते. मिस्त्री पाइप टाकून निघून गेला. काकांचा लौकिक त्याच्याही कानावर होता. काकांनी प्लगकडे पाहिलं, नखानं टिचकी मारली, कान लावला.

"रुसलाय," ते म्हणाले. "किती दिवसांची मुदत?"

"पुढच्या रविवारी सकाळी सासरे येतात, काका. दहा दिवस. तोवर नाही सुटला तर मला टांगा करून त्यांना आणावं लागेल, आणि मग जन्मभर..."

"कळलं. सासऱ्यांचा प्रश्न आहे." त्यांनी कोट माझ्या खांद्यावर टाकला. "श्रीधरपंत, घरात रॉकेल आहे का?"

रॉकेल घेऊन माझी आई बाहेर आली. आई वाईची. माझे जेवणाचे हाल होतात म्हणून येऊन राहिली होती. बंगालीचं एक अक्षर तिला येत नव्हतं आणि त्यानं तिचं काही अडतही नव्हतं. भाजीवाल्याशी ती मराठीत भांडायची आणि तो बंगालीत हरायचा. तिनं काकांच्या धोतरावरचा तेलाचा डाग पाहिला, मग पाण्याच्या तांब्याकडे निघालेला त्यांचा हात पाहिला.

"भावजी! आधी हात धुवा. काळे हात तांब्याला लावाल तर खबरदार! एवढे मोठे झालात, कुणी शिकवलं नाही का?"

ओळख नाही, पाळख नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र दोन्ही हात पुढं धरून चौथीतल्या पोरासारखे उभे राहिले आणि म्हणाले, "चुकलं, वहिनी."

तेव्हापासून रोज संध्याकाळी काका यायला लागले. इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करायचे, प्लगभोवती पंप मारायचे, तेलाचे थेंब सोडायचे आणि मग ओसरीवर येऊन बसायचे. तेल मुरायला वेळ लागतो. आणि तेल मुरेपर्यंत आई आणि काका यांची भांडणं चालत. पिठल्यात लसूण फोडणीला घालायचा की वरून, कृष्णेचं पाणी गोड की गंगेचं, चकली मोडताना आवाज यावा की येऊ नये. काकांची मराठी जरा जुन्या धड्याच्या पुस्तकातली. 'तथापि' म्हणायचे. "तथापि, वहिनी, आमच्याकडे लसूण वरून घालीत असत." आई म्हणे, "तुमच्याकडे चुकत असत." की काका मांडीवर थाप मारून हसत.

आठ वाजले की पाना घेऊन खाली जात, मोटारीपाशी वाकत, आणि तिथून आवाज येई, "आज नाही हो! अजून मुरला नाही!"

"मग जेवूनच जा," आई म्हणे.

सोमवार गेला, बुधवार गेला. गल्लीत पैजा लागल्या. समोरचे डॉक्टर म्हणाले, बिबोलकोरबाबूंचा हात गेला. पानवाला म्हणाला, हात गेला नाही, मोटारीला साहेबाचा शाप आहे. मी कचेरीत टांग्यांची चौकशी करून ठेवली. शुक्रवारी मला स्वप्न पडलं: सासरे हावड्याच्या पुलावर खडू घेऊन उभे आहेत आणि माझं पत्र लाल शाईनं तपासताहेत.

शनिवारी कचेरी अर्धा दिवस. मी नेहमीच्या वेळेच्या कितीतरी आधी, चारच्या सुमारास, गल्लीत शिरलो. काका लवकरच आलेले दिसले. मोटारीचं बॉनेट उघडं, त्यांची पाठ माझ्याकडे. मी हाक मारणार, तेवढ्यात पाहिलं.

काकांनी पाना लावलासुद्धा नव्हता. दोन बोटांत प्लग धरून त्यांनी तो घड्याळाला किल्ली द्यावी तसा फिरवला. आणि प्लग बाहेर आला. तिसऱ्या नंबरचा. त्यांनी तो उजेडात धरला, फडक्यानं पुसला, शिशाची पूड लावली आणि तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावं तसा परत त्याच्या जागी बसवला. पान्यानं जरा आवळला. मग मान वर करून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे ओरडले:

"वहिनी! आजही नाही हो! भलताच हट्टी!"

"असूं दे!" आतून आई. "थालीपीठ लावतेय, बसा!"

मी त्यांच्यामागे जाऊन उभा राहिलो. "काका."

ते दचकले. पाना हातातून पडला. मी पाना उचलून दिला. मला खूप बोलायचं होतं. टांगे, सासरे, पैजा, सगळं तोंडाशी आलं होतं.

"कधी सुटला?" एवढंच विचारलं.

काकांनी पाना पुसला. पुन्हा पुसला. "सोमवारी."

"आज शनिवार आहे."

"हो." मग घाईघाईनं म्हणाले, "तथापि तुझी गाडी अडली नसती, श्रीधर. रोज काढून साफ करून ठेवतो. आज रात्री जेवणाआधी सुटणारच होता. मी ठरवलं होतं. उद्याचं मला ठाऊक होतं ना."

"पण का, काका?"

ते बॉनेटच्या आत बघत राहिले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"आमची ही सांगलीची," ते म्हणाले. "तिला जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा आसामात चहाच्या मळ्यावर. सून बंगाली, गुणाची आहे. नातवंडं बंगालीत भांडतात, इंग्रजीत रडतात. शेजारी सगळे माझ्याशी गोडच बोलतात रे, अगदी मान देऊन बोलतात. मीही त्यांच्याशी बोलतो. दिवसभर बोलतो. पण तीन वर्षांत मला मराठीत कुणी रागावलं नव्हतं."

मी बॉनेट खाली ओढून लावलं.

"वहिनींना सांगू नकोस," ते म्हणाले. "खोटं बोललो म्हणतील."

मी मान डोलावली आणि आत गेलो. आई थालीपीठ थापत होती. तिला काही सांगायचं नाही असं मी पक्कं ठरवलं होतं. तिनं वर न बघताच विचारलं, "सापडले का भावजी?"

"तुला ठाऊक होतं?"

"मंगळवारपासून त्यांच्या नखांत तेल नाही. आंधळी आहे का मी?"

"अगं, मग रोज हात धुवा म्हणून ओरडत होतीस ती?"

"ओरडले," आई म्हणाली, आणि थालीपीठ तव्यावर टाकलं. "तुझी गाडी रविवारची आहे. रविवारपर्यंत कुणाचं काय बिघडत होतं?"

त्या संध्याकाळी काकांनी समारंभानं प्लग सोडवला. सगळी गल्ली जमली होती. त्यांनी मंत्र म्हटले, घाम पुसला, दोनदा निराशेनं मान हलवली आणि अखेर प्लग उंच धरला. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. पानवाला पैज हरला. इंजिन चारी सिलिंडरांवर असं गुरगुरलं की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. ती दोन दिवसांनी परत आली. काकांनी हत्यारं एकेक करून पिशवीत ठेवली, पंप ठेवला, बाटलीचं बूच दोनदा तपासलं. "चला," म्हणाले, "झालं काम," आणि फाटकाशी गेले.

"काका," मी म्हणालो, "हावड्याच्या पुलावर गाडी चालवायची मला भीती वाटते. उद्या बरोबर याल?"

"अरे, मला चालवता कुठं येते?"

"म्हणूनच. मी चुकलो तर तुम्हाला कळणार नाही."

त्यांनी उघडलेली फाटकाची कडी पुन्हा लावली. "किती वाजता?"

"सहाला."

ते पाचलाच आले.

मेल आली. सासरे उतरले, मोटारीभोवती उत्तरपत्रिका तपासावी तसे दोनदा फिरले आणि काहीच बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत म्हणजे पैकीच्या पैकी. ते माझ्याशेजारी पुढे बसले. मागे बायको आणि काका. बायकोच्या मांडीवर माहेरच्या लोणच्याची बरणी होती आणि ती सोडायला ती तयार नव्हती, म्हणून मुलगी काकांकडे आली.

पूल सुरू झाला तशी मागून काकांची कुजबुज सुरू झाली. आधी मला वाटलं ते बायकोशी बोलताहेत.

"हा पूल हं, बाळ. केवढा मोठा! आणि ही खाली गंगा. ती बघ, होडी. होडीत माणूस आहे, त्याच्या डोक्यावर टोपली आहे. टोपलीत काय आहे? आपल्याला काय करायचंय!"

तीन महिन्यांची पोर. तिला कुठली भाषा? पण ती रडायची थांबून त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. सासऱ्यांनी मागं वळून पाहिलं, आणि वळलेले तसेच राहिले. बायकोनं माझ्याकडे आरशातून भुवई उडवली. मी भुवईनंच सांगितलं, नंतर.

"ही ट्राम. टण् टण् करते. हा बैल, दमलाय बिचारा. हा मुलगा शिकवणीला चाललाय, त्याला जायचं नाहीये. तूही जाणार हो एक दिवस, तुलाही जायचं नसेल..."

भवानीपूर आलं. आमची गल्ली समोर दिसली. फाटकाशी आई आरती घेऊन उभी असणार. मी वेग कमी केला. मागे काका एका झाडाचं नाव आठवत होते. त्यांना ते बंगालीत येत होतं, मराठीत जिभेवर येत नव्हतं.

मी गल्ली सोडली आणि गाडी सरळ पुढे नेली.

"अहो, आपली गल्ली मागं राहिली!" बायको म्हणाली.

"चुकलो वाटतं," मी म्हणालो आणि कालीघाटाकडे वळलो.

"सावर!" काका मागून आनंदानं ओरडले. "काटेसावर ती, बाळ. तांबडी फुलं येतात तिला. आणि ते पलीकडे, ते बघ..."